मुलगी पोहते, अभ्यासात बरी आहे. कॉलेज ॲडमिशनला या पोहण्याचा उपयोग होतो का?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. धागा ‘शिक्षण’मध्ये टाकावा की ‘क्रीडा’मध्ये कळेना, शेवटी इथे टाकला. ॲडमिन, जागा चुकली असेल तर हलवा.

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक दहावीत, क्लबमध्ये आणि शाळेच्या टीममध्ये पोहते. ब्रेस्टस्ट्रोक. १०० यार्डांना १:०६.४. ग्रेड चांगल्या आहेत, ऑनर्सचे वर्ग आहेत, पण वर्गात पहिल्या पाचांत वगैरे नाही. कॉलेज आणि पोहणं यांचा संबंध आम्ही आजवर लावलाच नव्हता. यंदा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विषय निघाला आणि डोक्याला भुंगा लागला. एक काका म्हणाले, खेळाडू असेल तर आयव्ही (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित कॉलेजं) कुठे गेलं नाही. दुसरे म्हणाले, पूर्ण फी माफ होते, आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीची झाली. एका काकूंचं म्हणणं, एवढ्या पहाटे उठवता पोरीला, त्यापेक्षा एखादा रिसर्च पेपर करून घ्या.

त्यात दोन कॉलेजांच्या कोचच्या ईमेल आल्या आहेत. ‘तुझी प्रगती आम्ही पाहतो आहोत, उन्हाळ्यात आमच्या कॅम्पला ये.’ लेकीला तेव्हापासून स्वर्ग दोन बोटं उरलाय. आणि एका रिक्रूटिंग (म्हणजे कॉलेजच्या टीमसाठी खेळाडूंची निवड) सल्लागाराने फोनवर साडेतीन हजार डॉलरचं पॅकेज सांगितलं. नवरा म्हणतो भरून टाकू, नंतर हळहळ नको.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी जरा सांगा. सुरुवात कुठून करायची हेच कळत नाहीये.

मठ्ठा

साडेतीन हजार मला द्या. मी पण फोनवर ‘तुमच्या मुलीत पोटेन्शियल आहे’ असं म्हणेन, आणि वर मराठीत म्हणेन.

जलपर्णी

माझी थोरली सध्या डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेजच्या खेळांचे तीन विभाग असतात, वन सगळ्यात वरचा) एका कॉलेजात पोहते, धाकटा अकरावीत आहे. त्यामुळे हे सगळं घरात दुसऱ्यांदा चालू आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी त्या ईमेलचं. डिव्हिजन वनच्या कोचला पोहण्यासकट बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलांशी रिक्रूटिंगबद्दल लिहिता-बोलता येत नाही. त्याआधी तो फक्त प्रश्नावली आणि कॅम्पची पत्रकं पाठवू शकतो. म्हणजे तुमच्याकडे आलंय ते कॅम्पचं पत्रक. कॅम्प हा कोचमंडळींचा उन्हाळ्यातला जोडधंदा असतो आणि यादी शेकड्यांनी असते. लेकीला मजा म्हणून जायचं तर जाऊ दे, पण त्यावरून कॉलेज ठरवू नका.

आता पैसे. आयव्हीच्या आठही कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप नाही. कुणालाच नाही. तिथे मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळाची स्कॉलरशिप नाही, गुणांवरची किंवा गरजेवरची मिळू शकते. डिव्हिजन वन आणि टूमध्ये आहे, पण ती बहुधा वाटून दिली जाते. परवापरवापर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या पोहण्याच्या टीमला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप होत्या आणि पोहणाऱ्या मुली पंचवीस-तीस. करा भागाकार. मुलांना तर ९.९. ऑफिसातल्या त्या मुलीची पूर्ण फी माफ झाली असेलही, पण ती कुठल्या खेळात, कुठल्या कॉलेजात, हे काकांना विचारा.

जून २०२५ मध्ये कोर्टात एनसीएएची (कॉलेजांचे खेळ चालवणारी मुख्य संघटना) तडजोड मंजूर झाली तेव्हापासून गणित आणखी बदललं आहे. जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना आता स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही, पण टीममधल्या डोक्यांची आहे. पोहण्याला ३०, टेनिसला १०, क्रॉस कंट्रीला १७. याचा फटका बसला तो स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये शिरणाऱ्यांना. पूर्वी ‘ये, सराव कर, बघू’ म्हणून कोच चार जास्तीची मुलं ठेवून घ्यायचा, ती जागाच उरली नाही. आयव्ही लीग मात्र या तडजोडीतून बाहेर राहिली.

बाकी संध्याकाळी लिहिते, स्विम मीट आहे.

सरळमार्गी

वाचून वाईट वाटलं. आपली मुलं रात्र रात्र अभ्यास करतात आणि जागा जाते बॉल मारणाऱ्याला. हार्वर्डच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले ते बघा. रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी जवळपास ८६ टक्क्यांना प्रवेश. बाकीच्यांचा दर पाच-सहा टक्के. आणि २०१९ चं प्रकरण विसरलात का? ज्यांनी आयुष्यात होडीत पाय ठेवला नाही अशी पोरं रोइंगची खेळाडू म्हणून आत गेली. कोचना लाच देऊन.

मठ्ठा

सरळमार्गी, भारतातही इंजिनिअरिंगला कोटे असतातच की. तुमच्या काळी नव्हते का?

जलपर्णी

मीट संपली, धाकटा चौथा आला, जेवणं झाली. पुढे.

सरळमार्गी, ते ८६ टक्के बरोबर आहेत, पण त्याचा अर्थ ‘खेळाडू झालं की ८६ टक्के शक्यता’ असा नाही. त्या आकड्यात येतात ती कोचने निवडून, ॲडमिशन ऑफिसला आधी कागद दाखवून, मग अर्ज करायला लावलेली मुलं. गाळणी आधीच लागलेली असते. हजारो मुलं कोचला लिहितात, त्यातली मूठभर त्या यादीत पोचतात. २०१९ च्या घोटाळ्याचं सूत्र नेमकं हेच होतं. रिक सिंगर या ॲडमिशन सल्लागाराने कोचच्या यादीतली जागा विकली, कारण किंमत त्या जागेला आहे. त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. व्यवस्था न्याय्य आहे का, यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला. माझंही मत फार वेगळं नाही.

नदीकाठची, तुमच्यासाठी महत्त्वाचं ते हे. ‘रस आहे’, ‘तू आमच्या टीममध्ये शोभशील’, ‘अर्ज जरूर कर’ ही सगळी वाक्यं कोचला फुकट पडतात. त्याला खर्च पडतो तो एकाच गोष्टीचा, ॲडमिशन ऑफिसकडे तुमच्या मुलीचं नाव देण्याचा. अशी नावं त्याच्याकडे मोजकी असतात. म्हणून सगळी धडपड एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी करायची: हा कोच माझं नाव देणार आहे का?

ते कळतं प्री-रीडमध्ये. अकरावी संपली की १ जुलैच्या सुमारास कोच मुलांकडून ट्रान्सक्रिप्ट, टेस्टचे गुण आणि बारावीत घेणार त्या विषयांची यादी मागवतो आणि ॲडमिशनवाल्यांना देतो. आयव्ही आणि डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या कॉलेजांत हीच पद्धत. काही दिवसांत उत्तर येतं: चालेल, कठीण आहे, किंवा नाही. हे उत्तर म्हणजे प्रवेश नव्हे. पण प्री-रीडच मागितलं नाही तर समजायचं की यादीत आपण नाही. किंवा फार खाली आहोत. प्री-रीड चांगलं आलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोच म्हणतो, तू अर्ली डिसिजनला अर्ज केलास तर मी पाठिंबा देतो. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, मिळालं की जायचं. नोव्हेंबरात अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल. आयव्हीत तर १ ऑक्टोबरनंतर ‘लाइकली लेटर’ येऊ शकतं, निकालाआधीच दिलेला इशारा. त्यांच्याकडे गुण आणि टेस्ट मिळून ॲकॅडेमिक इंडेक्स काढतात आणि टीमची सरासरी कॉलेजच्या सरासरीपासून फार खाली जाऊ देत नाहीत. त्यामुळे दोन मुली सारख्याच वेगाने पोहत असतील तर जिचे गुण चांगले ती कोचला ‘स्वस्त’ पडते. अभ्यास सोडून पोहा असं सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

अपवाद आहेत. एमआयटीमध्ये कोच शब्द टाकू शकतो, पण त्याच्या हातात जागा नाहीत. निर्णय ॲडमिशन ऑफिसचाच. कॅलटेकचंही तसंच. (अवांतर: कॅलटेकच्या मुलांची बास्केटबॉल टीम आपल्या लीगमधल्या सलग ३१० मॅच हरली होती. ही मालिका २०११ मध्ये तुटली. गाळणी किती कडक आहे ते यावरून कळावं.)

नदीकाठची

बाप रे. जलपर्णी, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, पॅकेज बोंबललं. एक विचारू? तिची वेळ कुठल्या कॉलेजला पुरेशी आहे हे कसं ओळखायचं? क्लबचा कोच ‘डिपेंड्स’ म्हणतो.

पहाटपाळी

हे मी सांगतो, रोज पूलच्या पार्किंगमध्ये बसून हेच करतो.

कॉलेजची वेबसाइट उघडून टीमचे फोटो बघत बसू नका. त्या कॉलेजची लीग कुठली ते बघा आणि त्या लीगच्या फेब्रुवारीतल्या चॅम्पियनशिपचा निकाल उघडा. निकाल इंटरनेटवर असतात, स्विमक्लाउडवर तर सगळं एका जागी. बऱ्याच लीगमध्ये तीन फायनल असतात, आठ-आठ जणींच्या, म्हणजे २४ जणींना गुण मिळतात. मुलीचा १:०६.४ तिथे ठेवून बघा. आठव्या नंबरच्या आत येत असेल तर कोच स्वतः फोन करेल. नऊ ते सोळात येत असेल तर बोलणी होतील. चोविसाव्याच्या आसपास असेल तर ‘सुधारते आहे’ हे दाखवावं लागेल. त्याहून मागे असेल तर ते कॉलेज पोहण्याच्या जोरावर मिळणार नाही. साधं आहे.

मग दुसरी पायरी. त्या टीमच्या रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) ब्रेस्टस्ट्रोकवाल्या कोण आणि कितवीत आहेत ते बघा. तुमची मुलगी फ्रेशमन (कॉलेजच्या पहिल्या वर्षाला) होईल त्याच वर्षी दोघी बाहेर पडत असतील तर कोचला ब्रेस्टस्ट्रोकवाली लागणार. मेडले रिलेला (चौघी चार वेगवेगळे स्ट्रोक पोहतात ती) लागतेच. उलट तिघी नुकत्याच आल्या असतील तर कितीही गोड ईमेल येऊ दे. माझ्या मुलाच्या बाबतीत बरी वाटलेली दोन कॉलेजं आम्ही याच कारणाने सोडली.

आणि भारतातून कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी: इथे कॉलेजच्या मोसमात २५ यार्डांचा पूल असतो, तुमच्या वेळा ५० मीटरच्या. आधी रूपांतर करा, मग तुलना.

धावपट्टी

पहाटपाळींना अनुमोदन. ट्रॅकलाही हाच मार्ग. घड्याळाचे खेळ यात सोपे, आकडा खोटं बोलत नाही. सॉकर-व्हॉलीबॉलवाल्यांचे हाल जास्त, तिथे व्हिडिओ, शोकेस, आणि कोचच्या नजरेचा प्रश्न.

गल्लीक्रिकेट

आमचा मुलगा क्रिकेट खेळतो, इथल्या अंडर-१७ पातळीवर. धाकटी बॅडमिंटन. त्यांचं काय?

जलपर्णी

दोन्ही एनसीएएच्या खेळांत नाहीत. टेबल टेनिसही नाही. कॉलेजांत क्लब असतात, पण क्लबच्या कॅप्टनला ॲडमिशन ऑफिसकडे नाव देता येत नाही. त्यामुळे रिक्रूटिंगची वाट बंद. अर्जात मात्र ते खरं मोलाचं आहे, इतकी वर्षं एक गोष्ट निष्ठेने केली हे दिसतं. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये क्रिकेट येतंय म्हणून कॉलेजांत लगेच टीम उभ्या राहतील अशा आशेवर राहू नका. मैदानी हॉकी एनसीएएमध्ये फक्त मुलींची. स्क्वॉशची गंमत वेगळी. तो एनसीएएबाहेर, कॉलेज स्क्वॉश असोसिएशन चालवते, पण आयव्हीत आणि न्यू इंग्लंडच्या छोट्या कॉलेजांत त्याचं रिक्रूटिंग जोरात चालतं.

सरळमार्गी

म्हणजे श्रीमंतांचे खेळ चालतात, आपले चालत नाहीत. माझं म्हणणं सिद्ध झालं.

मठ्ठा

सरळमार्गी, आज तुम्हाला खरंच अनुमोदन. तारीख लिहून ठेवतो.

डेक्कनवासी

मी पुण्यातून लिहितेय. मुलगी अकरावीत, टेनिस खेळते, आयटा (अखिल भारतीय टेनिस संघटना) रँकिंग बरं आहे. अमेरिकेत टेनिसवर शिक्षण होतं असं अकादमीत सगळेच म्हणतात. बारावीनंतर एक वर्ष फक्त स्पर्धा खेळून मग अर्ज करायचा विचार आहे. कुणाला माहिती आहे का?

बेसलाइन

डेक्कनवासी, वाट खरी आहे आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी चाललेली आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला खेळली, नंतर हांगझोच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता. त्याआधी सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद घेतलं. कॉलेजात गेलं की व्यावसायिक टेनिस संपलं, हा समज आपल्याकडच्या जुन्या प्रशिक्षकांनी आता सोडायला हवा.

पण गॅपचं आधी तपासा, आणि एनसीएएलाच थेट विचारा. टेनिसमध्ये शाळा संपल्यावर साधारण सहा महिन्यांत कॉलेजला नाव घातलं नाही आणि मधल्या काळात स्पर्धा खेळल्या, तर खेळायच्या वर्षांतून एक कापलं जायचं, वर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. नियम खूप बदलताहेत, म्हणून अकादमीतल्या ऐकीव माहितीवर वर्ष घालवू नका.

आयटाचं रँकिंग तिकडच्या कोचला फारसं कळत नाही. तो बघतो यूटीआर, म्हणजे जगभर चालणारं टेनिसचं रेटिंग. टीममध्ये दहाच जणी, आणि मोठ्या कॉलेजांत त्यातल्या निम्म्याहून जास्त परदेशी असू शकतात. स्पेन, झेक, जपान, ब्राझील. म्हणून फक्त डिव्हिजन वनचा हट्ट नको. डिव्हिजन टू आणि एनएआयएची (एनसीएएहून वेगळी, छोट्या कॉलेजांची संघटना) कॉलेजंही खेळाची स्कॉलरशिप देतात आणि परदेशी मुलांना आनंदाने घेतात.

कागदांचं आत्तापासून करा. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाचे गुण लागतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देणारी टेनिसची मुलं पुण्यात कितीतरी आहेत. त्यांनी नववी-अकरावीची गुणपत्रकं कुठून आणायची याचा विचार वेळेत करावा. डिव्हिजन वनला १६ कोअर विषय आणि त्यांची सरासरी ४ पैकी किमान २.३, टूला २.२. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण कॉलेजची स्वतःची असू शकते. आणि स्टुडंट व्हिसावरच्या मुलांनी जाहिरातींच्या पैशांच्या गप्पा ऐकून हुरळू नये, व्हिसाच्या अटी आड येतात.

डेक्कनवासी

सतरा नंबरचं वाचून पोटात गोळाच आला, तेच करणार होतो. उद्याच शाळेत जाते. खूप आभार.

कॅलिफोर्नियाकर

एक बाजू राहिली म्हणून लिहितो. जुलै २०२० मध्ये स्टॅनफर्डने एका फटक्यात ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं. फेन्सिंग, कुस्ती, मुलांचा व्हॉलीबॉल, स्क्वॉश, सगळं. टीममधल्या मुलांना ते एका व्हिडिओ कॉलवर कळलं. माजी खेळाडूंनी रान उठवलं, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. स्टॅनफर्डकडे पैसे कमी होते असं कुणी म्हणणार नाही. तिथे हे होतं तर कुठेही होईल. शिवाय कोच नोकरी बदलतात. तुमचं नाव देणारा कोच मुलगी पोचेपर्यंत दुसऱ्या राज्यात असू शकतो. कॉलेजला भेट द्याल तेव्हा टीमबरोबर जेवू दे तिला, पण एक दिवस टीम सोडून नुसत्या वर्गात आणि लायब्ररीतही बसू दे. मी इंजिनिअरिंगच्या लॅबच्या वेळा आणि सरावाच्या वेळा शेजारी ठेवून बघायला सांगतो. काही कोच दुपारच्या लॅब घेऊ नका असं सरळ सांगतात, ते आधी कळलेलं बरं.

नदीकाठची

सगळं लेकीला वाचायला दिलं. आधी हिरमुसली, मग स्वतःच लीगचे निकाल घेऊन बसली. एका डिव्हिजन थ्रीच्या लीगमध्ये ती विसावी येते म्हणाली, आणि तिथल्या एका टीमच्या ब्रेस्टस्ट्रोकवाल्या दोन मुली तिच्या वर्षापर्यंत बाहेर पडतात. आता तिने त्या कोचला ईमेल लिहिली आहे. इंग्रजीतली आहे, सारांश देते:

‘मी लहानपणापासून पोहते. पाण्यात मला मुक्त वाटतं. पोहण्याने मला शिस्त, चिकाटी आणि नेतृत्व शिकवलं. तुमचं कॉलेज माझं स्वप्न आहे. माझ्याबद्दल विचार करावा ही विनंती.’

खाली माझा आणि बाबाचा फोन नंबर, आणि आम्ही दोघं सीसीमध्ये.

पहाटपाळी

मुक्त वाटतं ते निबंधात लिहू दे.

जलपर्णी

पहिल्या चार ओळी काढा. विषयात: नाव, शाळा संपण्याचं वर्ष, ब्रेस्टस्ट्रोक, १:०६.४. आत पहिल्याच ओळीत १०० आणि २०० दोन्ही वेळा आणि वर्षभरापूर्वीच्या वेळा, म्हणजे सुधारणा दिसेल. मग ग्रेड, घेतलेले अवघड विषय, कुठल्या शाखेत जायचंय. मग एक खरं वाक्य त्या टीमबद्दल, तिला निकालात जे दिसलं ते: ‘तुमच्या दोन ब्रेस्टस्ट्रोकर माझ्या वर्षापर्यंत ग्रॅज्युएट होतात, त्या जागेसाठी तुम्ही काय वेळ बघताय?’ कोचला असा प्रश्न विचारणारी दहावीतली मुलगी लक्षात राहते. शेवटी क्लब कोचचं नाव आणि ईमेल.

फोन नंबर तिचा. तुम्ही दोघं सीसीमधून बाहेर. फोन आला तर तीच बोलेल, तुम्ही खोलीबाहेर उभे राहून कुजबुजायचं नाही (मी उभी होते ते सोडा).

डिव्हिजन थ्रीला १५ जूनची अट नाही, त्यामुळे तो आत्ताही उत्तर देऊ शकतो. महिनाभरात काही आलं नाही तर पुढच्या मीटची नवी वेळ घेऊन पुन्हा लिहायचं, ‘मागची ईमेल मिळाली का’ असं नाही. आणि एकाच कोचला नको, त्याच लीगमधल्या आणखी पाच-सहा जणांना, प्रत्येकाच्या रोस्टरप्रमाणे ते एक वाक्य बदलून.

नदीकाठची

सीसी काढलं. बाबा रुसलाय. ईमेल रविवारी जाईल, शनिवारी मीट आहे, वेळ सुधारली तर तीच टाकू.